मधल्या दाराचं घड्याळ

बाभळदरा, ता. भूम
४ जानेवारी १९७७

प्रिय ज्ञानोबा,

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम जाडजूड पाकीट, म्हणजे माझं काहीतरी अडलंय हे तू ओळखलंच असशील. ओळखलंस तर बरंच झालं, माझी प्रस्तावना वाचली.

मी आता गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सचिव आहे. हसू नकोस. बहात्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडून जो तलाव बांधला, त्यावर मोटार बसली, पाट निघाला आणि यंदा पहिल्यांदाच पाणी सुटलं. पाटाला तीन दारं. खालच्या दारावर धुळाप्पा, मधल्यावर तुझी मथुराक्का आणि वरच्यावर आपला लिंबाजी. वीज दहा ते चार. दहा ते बारा खालच्या रानाला पाणी, बारा ते दोन मधल्या, दोन ते चार वरच्या. वरच्यांना आधी दिलं तर खाली कधी पोचायचंच नाही, म्हणून हा क्रम मी ठरवला. चेअरमन आबाराव त्यावर भलतेच खूश होते.

आता नाहीत. प्रत्येक दारावरचा माणूस आपापल्या घड्याळात बघून दार उघडतो, आणि रोज संध्याकाळी कुणीतरी माझ्या दारात येऊन म्हणतो, "आमची पंधरा मिन्टं कुणी खाल्ली?" काल तर धुळाप्पानं फावडंच आपटलं. ज्वारी निसवलीय. या महिन्यात पाणी कमी पडलं तर कणसात दाणा भरायचा नाही, त्यामुळं त्याचा राग मला कळतो. वर विजेचीही रड आहेच. चारला जायची ती पावणेचारलाच जाते.

गावात चार घड्याळं: तीन दारांवरची आणि चौथं संस्थेच्या कचेरीतलं भिंतीवरचं. पंचायतीचा रेडिओ दिवाळीपासून दुरुस्तीला गेलाय. तू सोलापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आहेस, तिथं शेकडो यंत्रं एका वेळेवर चालवत असाल. चार घड्याळांतलं खरं कुठलं, हे कसं ओळखायचं ते सांग. बोलणं नको, रीत लिहून पाठव. मला ती सभेत वाचून दाखवायची आहे.

तुझा
महारुद्र


सोलापूर
११ जानेवारी १९७७

प्रिय महारुद्र,

गावानं मला काही विचारलं, हे मी घरात तिघांना वाचून दाखवलं. ज्या गावच्या शाळेत मी दाराबाहेर बसून पाढे म्हटले, त्या गावच्या सभेत माझी रीत वाचली जाणार! बायको म्हणाली, आता नीट लिहा. तेव्हा नीट लिहितो.

एका घड्याळावर कधी विसंबू नये. कितीही भारी असलं तरी ते एकटं असतं, आणि चुकलं तर सांगणारं कुणी नसतं. दोन असली तर भांडण होतं. तीन-चार असली म्हणजे कळतं. सगळ्यांना विचारायचं, जी एकमेकांशी जुळतात ती ठेवायची, जे फटकून बोलतं ते बाजूला काढायचं, आणि उरलेल्यांच्या मधली वेळ ती आपली वेळ.

पण विचारायचं कसं? घड्याळं मैल-मैल लांब. तू कचेरीतल्या घड्याळात नऊ वाजलेले बघून निघालास आणि लिंबाजीकडं पोचलास, तोवर वाटेत वेळ गेलेली असते. म्हणून जाऊन परत यायचं. समज, नऊला निघालास आणि परत आलास तेव्हा कचेरीत नऊ चाळीस झाले, तर तू लिंबाजीकडं नऊ वीसला होतास. त्या वेळी त्याच्या घड्याळात काय होतं ते कागदावर लिहून ठेवलेलं असलं की फरक समजतो. सायकलवर जाऊ नकोस. तिकडं चढ आहे, जाताना धापा टाकशील आणि येताना सुसाट येशील, मग निम्मं-निम्मं राहणार नाही. पायी जा, एका चालीनं.

आक्काला नमस्कार सांग. ती पत्र लिहायला आळस करते.

तुझा
ज्ञानोबा


बाभळदरा
२४ जानेवारी १९७७

प्रिय ज्ञानोबा,

पायाला फोड आलेत, पण काम फत्ते. सहा दिवस सगळी दारं पालथी घातली. चार घड्याळांपैकी तीन इतकी जुळतात की मिनिटाचाही फरक नाही. जुळणारच. या तिघांचे मालक शिस्तीचे, रोज सकाळी सातची गाडी चिंचेखाली येऊन थांबली की काटा लावतात. चौथं मात्र पंधरा मिनिटं पुढं. एक दिवस नाही, सहाही दिवस.

ते घड्याळ कुणाचं, हे मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की माणूस मनात काहीतरी धरतो, आणि मला तुझा निवाडा निखळ हवाय. एवढं सांगतो, की ते गजराचं जुनं घड्याळ आहे आणि त्याला दर आठवड्याला भूमच्या बाजाराला न्यावं लागतं, बहुतेक दुरुस्तीला. पाटीत घालून, फडक्यात गुंडाळून. लोक गमतीनं म्हणतात, घड्याळाला बाजार दाखवायला नेतात. एवढे हिसके बसल्यावर ते काय वेळ दाखवणार?

माणूस इमानी आहे असं मला वाटतं. पण दार लवकर उघडलं की त्याच माणसाच्या रानात पाणी जास्त जातं, हेही खरं. धुळाप्पा सरळ चोरी म्हणतोय. सहा तारखेला सभा आहे. तुझ्या रीतीप्रमाणं हे घड्याळ बाजूला काढायचं ना? आणि दार त्या माणसाकडं ठेवायचं की नाही? तुझं पत्र आलं की जसंच्या तसं वाचतो.

तुझा
महारुद्र


सोलापूर
३० जानेवारी १९७७

प्रिय महारुद्र,

यात विचारायचं काय? तीन एका बाजूला, एक दुसरीकडं, आणि त्या एकाला दर आठवड्याला दुरुस्ती! काढ ते बाजूला.

दाराचं विचारतोस तर माझं मत असं. बिघडलेलं घड्याळ कधी मागं पडतं, कधी पुढं जातं. पण जे रोज पंधरा मिनिटं पुढंच राहतं, आणि तेही मालकाच्या फायद्याचं, त्या घड्याळाला किल्ली कोण देतं ते बघावं. अशा माणसाच्या हाती दार ठेवू नये.

नाव लिहिलं नाहीस, पण मी गाव विसरलेलो नाही. शाळेत दुसऱ्याच्या फडक्यातली भाकर कोण पळवायचं, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. एवढी ओळ वाचू नकोस. लिंबाजी अजून अंगानं भारी असेल.

तुझा
ज्ञानोबा


बाभळदरा
१३ फेब्रुवारी १९७७

चि. ज्ञानू,

तुला, वहिनीला, लेकरांना आक्काचा जय भीम. तू म्हणतोस म्या लिहीत न्हाई. चौथी शिकलेली बाई, अक्षर जुळवता जुळवता दिवस मावळतो. पण आता फुरसत हाय, म्हणून लिहिते.

घरी सगळं बरं हाय. शेळीला दोन पिल्लं झाली. ज्वारी बरी हाय. दाराचं काम आता माझ्याकडं न्हाई, धुळाप्पाचा पुतण्या बघतो. बरंच झालं. उन्हात उभं राहून डोकं दुखायचं.

बाजाराला गेले होते. घड्याळ घरीच ठेवलं. तारघरातले दत्तोपंत खिडकीतनं म्हणाले, "बाई, आज घड्याळ कुठं? चारचा ठोका घ्यायचा न्हाई का?" म्हटलं, आता गरज न्हाई. लई भले हायत. तू मागं लिहिलं होतंस न्हाई का, की तारघराला रोज दुपारी चारला तारंवरनं येळ येती, सगळ्या देशाला एकच? ते वाचून दाराचं काम घेतलं तवाच म्या त्यांना जाऊन इचारलं होतं. तवापासून दर बाजारी चारच्या आधी जाऊन उभी राहायची. यंत्र कट्‌ वाजलं की ते बोट वर करायचे आणि म्या काटा सोडायची. आठवड्यात दोन मिन्टांच्या वर कधी चुकलं न्हाई.

असू दे. वहिनीचा खोकला कसा हाय? अडुळसा दे. काळजी करू नको आणि दाराचं कुणाला इचारत बसू नको.

तुझी आक्का
मथुरा


सोलापूर
१८ फेब्रुवारी १९७७

महारुद्र,

ते घड्याळ आक्काचं होतं.

तू नाव लपवलंस, त्यावर मला रागवायचं होतं. तसं पत्र लिहिलं आणि फाडलं. मी लिंबाजी समजलो हे तुला माझ्या पत्रावरून कळलं होतं, तरी तू गप्प राहिलास, तेवढं मात्र मला लागलं. पण लिहिलं मीच. आणि हुशारी दाखवायला किल्लीचं जे वाक्य लिहिलं, ते माझ्या रीतीत कुठंच नव्हतं.

आता ऐक, आणि हे पत्र सभेत वाच. त्याच जागी, त्याच लोकांपुढं, एक अक्षर न गाळता.

माझी रीत अपुरी होती. चार घड्याळांना "किती वाजले" एवढंच विचारायला मी सांगितलं. "तुम्ही वेळ कुणाकडून घेतली" हे आधी विचारायला हवं होतं. तुमची तिन्ही घड्याळं सातच्या गाडीवर लावलेली. म्हणजे ती तीन घड्याळं नव्हतीच. एकाच माणसाचं ऐकून तीन साक्षीदार बोलले, आणि मी तीन तोंडं मोजली. आक्काचं घड्याळ तारेवरून लावलेलं, गावात स्वतःच्या पायानं वेळ आणणारं तेवढं एकच. तेच मी खोटं ठरवलं. हिसके बसतात म्हणून तुम्ही ज्या फेरीला हसलात, ती फेरीच त्याचा खरेपणा होता.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाच. चारला जायची वीज पावणेचारला जाते म्हणालास. तेही पंधराच मिनिटं! वीज बरोबर चारला जात होती, महारुद्र. गावच मागं होतं. हे तू लिहिलंस, मी वाचलं, आणि दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तो एकदा ठेवून झालाय. सगळी घड्याळं घेऊन भूमला जा आणि चारचा ठोका घ्या. पंचायतीचा रेडिओ दुरुस्त करून आणा. तारघर, रेडिओ आणि गाडी, तिघांकडून वेगवेगळी वेळ घ्या, आणि दर महिन्याला तपासा की तिघांतलं कुणी दुसऱ्याचंच ऐकून बोलत नाही ना. गावाची घड्याळं चुकलेली निघाली तर एका दिवसात पंधरा मिनिटं ढकलू नका, ज्याची पाळी त्या वेळी चालू असेल त्याचं पाणी तुटेल. रोज पाच-पाच मिनिटांनी सरकवा.

आणि दार तिला परत द्या. ते माझ्या हातात नाही, पण मागतो.

ज्ञानोबा


बाभळदरा
३ मार्च १९७७

प्रिय ज्ञानोबा,

तुझं पत्र मी शेताच्या बांधावर उभ्यानं वाचलं. मी लपवलं ते निखळ निवाड्यासाठी, असं स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं. नाव लिहिलं असतं तर तू बहिणीची बाजू घेतली असतीस, आणि मला धुळाप्पाला तोंड द्यावं लागलं असतं. तू लिंबाजी समजलास तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

भूमला गेलो. धुळाप्पा आणि लिंबाजी मनगटावर आपापलं घड्याळ बांधून, मी कचेरीचं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन, सगळ्या गाडीनं माझ्याकडं बघितलं. मथुराक्का आपली पाटी घेऊन आली. चार वाजता दत्तोपंतांनी बोट वर केलं. आमच्या तिन्ही घड्याळांत पावणेचार. आक्काचं घड्याळ चार वाजायला एक मिनिट कमी, तेही तीन आठवडे ठोका न घेता. धुळाप्पा पाटी उचलून द्यायला पुढं झाला. आक्कानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या डोक्यावर ठेवली.

येताना ड्रायव्हरला विचारलं. दिवाळीपासून गाडी पाझर तलावाच्या कामावरची माणसं उतरवायला वळसा घालून येते, म्हणून सातची सव्वासातला पोचते. त्यानं ते कधी लपवलं नव्हतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

काल सभा झाली. तुझं पत्र मी काढलं, उलगडलं, आणि आक्का उठून उभी राहिली. "ते वाचू नका," म्हणाली. मी म्हटलं, ज्ञानोबानं मुद्दाम सांगितलंय. ती म्हणाली, "त्यानं सांगितलं आसंल. म्या न्हाई म्हनते. माझं म्या सांगते." आणि सांगितलं. घड्याळ कशावरून लावते ते, गाडीचं आणि विजेचं. सगळं चार वाक्यांत. मग म्हणाली, "चोरी न्हवती. पर पानी आमच्या रानात जास्त आलं ह्ये खरं. हंगाम संपस्तोवर म्या दार पंधरा मिन्टं उशिरा उघडीन आणि पंधरा मिन्टं आधी लावीन." धुळाप्पा म्हणाला, "आक्का, तसं नको." ती म्हणाली, "तसंच."

दार तिला परत दिलं. आबारावांनी विचारलं, लिंबाजीनं हात वर केला, मग सगळ्यांनी. पण तुझं पत्र तिनं माझ्या हातातून घेतलं ते दिलंच नाही. का, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. तुला कळलं तर कळव.

तुझा
महारुद्र


बाभळदरा
९ मार्च १९७७

चि. ज्ञानू,

महारुद्र माझ्यावर रुसलाय का मला भेतोय, कळत न्हाई. तुला त्यानं लिहिलंच आसंल, की म्या पत्र वाचू दिलं न्हाई. तू रागावला आसशील. तुला सांगते, पण तुलाच.

सहा तारखेच्या सभेत म्या मागं बसले होते. महारुद्र उठला आणि म्हणाला, आता ज्ञानोबाचं पत्र ऐका. आबारावांनी हातातला पानाचा डबा बाजूला ठिवला. ज्यांच्या वाड्यावर आपल्या बापाला पाणी प्यायला ओंजळ धरावी लागायची, त्यांची लेकरं खाली मान घालून तुझं अक्षर ऐकत होती. म्या आयुष्यात असं कधी बघितलं न्हवतं. बा असता तर उठून बाहेर जाऊन रडला असता.

आणि मग ते आलं, घड्याळाला किल्ली कोण देतं ते बघावं. सगळी हसली. महारुद्रनं दोनदा वाचलं. माझ्याकडं बघून हसली, ज्ञानू. तुझं वाक्य चांगलंच होतं.

मला त्या टायमाला उभं राहून सांगता आलं असतं, की तारघराची येळ हाय. तोंडात शब्द आला होता. पण म्या बोलले असते तर तुझं खोटं पडलं असतं, आणि ते म्हणाले असते, बघा, शिकून काय उपेग. पहिल्यांदा ऐकलं तेही चुकीचंच! दार गेलं तर जाईल म्हटलं. पुन्हा कोण ऐकंल तुझं? म्हणून गप बसले. घरी आले आणि लई रडले. चोर म्हणून न्हाई. चोर म्हणणाऱ्यांची सवय हाय. तू म्हणालास म्हणून.

दुसरं पत्रही म्या त्यासाठीच वाचू दिलं न्हाई. भूमला जायच्या आधी महारुद्रनं मला ते दाखवलं होतं, त्यात तू लिहिलंयस, माझी रीत अपुरी होती, माझ्यावर विश्वास ठेवू नका. ते त्या लोकांपुढं कशाला? म्या त्यांना सांगितलं, रीत माझ्या भावाचीच हाय, घड्याळ कुणाचं ऐकतं ते आधी इचारावं असं त्यानंच लिहून धाडलंय. खोटं न्हाई, तूच लिहिलंयस. फक्त उशिरा. आता पंचायतीच्या भिंतीवर महारुद्रनं त्या रीतीची पाटी लावली, त्यावर खाली तुझं नाव हाय.

दार मिळालं. रोज उशिरा उघडते तर धुळाप्पा पाटावरनं वर येतो आणि म्हणतो, "आक्का, उघडा की आता." म्या घड्याळ बघते आणि उघडत न्हाई.

तू रागावू नको, आणि माफी मागायला गाडीनं येऊ नको, रजा वाया जाईल. दिवाळीला ये. पण एक ध्यानात ठेव. पुढं कधी ह्या गावातल्या कुणाबद्दल तुला कुणी इचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी मला दोन ओळी टाक. सगळ्या गावाचं ऐकलंस, ज्ञानू. एवढ्या दिवसांत एक कार्ड आक्काला टाकलं असतंस, तर म्या सांगितलं असतं.

तुझी आक्का
मथुरा